नोकरी, पगार आणि जात : संक्रमणाच्या वाचनाविषयी

आफ्रिकी कादंबरीविषयी लिहिताना ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ हे सूत्र आपण फार लवकर हाती घेतो. खेडे मोडते, शहर वाढते, माणूस मध्येच लोंबकळतो, असे म्हटले की समीक्षा संपली. चिनुआ अचेबे यांच्या ‘नो लाँगर ॲट ईझ’ (१९६०) या कादंबरीचे वाचनही बहुधा याच चौकटीत होते. ओझरसारख्या गावातून पाहिले तर ही चौकट तोकडी वाटते. निफाड तालुक्यातील या शेतीच्या गावालगत १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि एकाच परिसरात हंगामाचे उत्पन्न व महिन्याचा पगार शेजारी आले. पगार आला की जुनी नाती आपोआप सैल होतात, हे औद्योगिकीकरणामागचे गृहीतक. साहित्य त्याला कितपत दुजोरा देते?

अचेबेंचा ओबी ज्या संघाच्या कर्जावर इंग्लंडला शिकतो, तो उमुओफियाकरांचा संघ खेड्यात नव्हे, लागोस शहरात काम करतो. मुंबईतील गावकरी मंडळे आठवावीत. म्हणजे ‘परंपरा’ येथे शहरानेच नव्याने घडवली आहे. ओबीच्या पगारातून या कर्जाचा हप्ता, मोटारीचा विमा, भावाची फी, प्राप्तिकर असे सारे वजा होत जाते आणि अखेर तो लाच घेतो. अचेबे हा हिशेब इतक्या बारकाईने मांडतात, की ओबीच्या अधःपाताला केवळ नैतिक दौर्बल्य म्हणणे अवघड व्हावे.

परंतु कादंबरीचा खरा पेच क्लारा ही आहे. ती परिचारिका आहे, परदेशी शिकलेली आहे. पण ‘ओसू’, म्हणजे देवतेला वाहिलेल्या व म्हणून समाजबाह्य ठरलेल्या कुळातली. पूर्व नायजेरियात ही प्रथा कायद्याने रद्द झाली १९५६ मध्ये. तरीही ओबीचे ख्रिस्ती वडीलदेखील या लग्नाला नकार देतात. धर्म बदलला, नोकरी बदलली, कायदा झाला. सोयरिकीची सीमा जागची हलली नाही.

नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ मध्ये आली, ओझरच्या कारखान्याच्या वर्षभर आधी. तिचा निवेदक रेल्वेच्या नोकरीत जात लपवतो. सोबतच्या सवर्ण कामगाराला त्याच्या कवित्वाचा आदर वाटतो. जात कळताच मात्र मार पडतो. कामगार ही नवी ओळख जुन्या ओळखीला पुसत नाही, ती फक्त काही काळ झाकते.

दोन्ही कृतींतील साम्य उघड आहे. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो भेद. अचेबेंची सहानुभूती निःसंशय असली, तरी निवेदन ओबीच्या बाजूने चालते. गर्भपातानंतर क्लारा त्याला भेटण्याचे नाकारते आणि कादंबरीतून जवळजवळ नाहीशी होते. ‘ओसू’ असण्याचा अनुभव तिच्या जाणिवेतून आपल्यापर्यंत पोचत नाही. बागुलांच्या कथेत मार खाणाराच बोलतो, आणि त्याला सोडवायला येतो तो जात न लपवता त्याच नोकरीत ठाम उभा राहिलेला काशिनाथ. अचेबेंच्या लागोसमध्ये क्लाराला असा काशिनाथ भेटत नाही.