यशयाच्या आसनावरील रोझी

युद्धकाळातील अमेरिकन कामगार स्त्री म्हटले, की आज बाही सारून दंड दाखविणारी, लाल रुमालाची तरुणी डोळ्यांपुढे येते. वास्तविक जे. हॉवर्ड मिलर यांचे ते भित्तिपत्रक फेब्रुवारी १९४३मध्ये वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागले होते. त्याला कीर्ती लाभली ती १९८०नंतर. त्या काळी घरोघरी पोहोचली ती नॉर्मन रॉकवेलची ‘रोझी द रिव्हेटर’, २९ मे १९४३च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावरील.

सिस्टाईन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगविलेल्या यशया संदेष्ट्याच्या ढबीत रॉकवेलने तिला बसविले आहे. मांडीवर रिव्हेट ठोकण्याचे यंत्र, हातात सँडविच, पायाखाली हिटलरचे ‘माइन काम्फ’ आणि मस्तकावर चक्क प्रभामंडळ! जेवणाच्या सुट्टीतील कामगार बाई संदेष्ट्यांच्या पंक्तीला बसते, या कल्पनेत विनोद आहे, तसाच गौरवही आहे. १९४० ते १९४५ या काळात अमेरिकेच्या श्रमिक वर्गातील स्त्रियांचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांच्या घरात गेले. या स्थित्यंतराला चित्रकाराने थोरवी दिली, हे मान्य करावे लागेल.

परंतु यशया हा शस्त्रे मोडून शेतीची अवजारे घडविण्याचे स्वप्न पाहणारा संदेष्टा. रॉकवेलच्या मनात असो वा नसो, त्या आसनाबरोबर एक प्रश्नही चित्रात शिरला आहे: युद्ध संपल्यावर या कुशल हातांचे काय?

त्याचे उत्तर चित्रात नाही. ते कॉनी फील्ड यांच्या १९८०च्या ‘द लाइफ अँड टाइम्स ऑफ रोझी द रिव्हेटर’ या अनुबोधपटात आहे. सरकारी प्रचारपटांतील हसऱ्या चेहऱ्यांशेजारी त्यांनी पाच कामगार स्त्रियांच्या साक्षी ठेविल्या आहेत. त्यांपैकी तिघी कृष्णवर्णीय. रॉकवेलच्या चित्रात त्यांना जागा नव्हती. शांतता येताच प्रचाराचा सूर पालटला, ‘घरी चला’ असे सांगणे सुरू झाले आणि पोटासाठी राबणाऱ्यांच्या वाट्याला पुन्हा कमी वेतनाची कामे आली. वेल्डिंग शिकलेल्या एकीला एखादे शोभिवंत फाटक घडवावयाचे होते; तेवढीही संधी तिला मिळाली नाही.

यशयाचे स्वप्न याहून वेगळे काय होते? समाजाने तिला प्रभामंडळ देऊ केले, काम मात्र काढून घेतले. गौरव आणि न्याय यांतील हे अंतर ज्याला पाहावयाचे आहे, त्याने या दोन कृती एकमेकींशेजारी ठेवूनच पाहाव्यात.