तिथीवाचून नकाशा अपुरा

भारतीय हवामान खात्याच्या चक्रीवादळांच्या ई-ॲटलासमध्ये 1891पासूनच्या वादळांचे मार्ग आखलेले आहेत. त्यातून फक्त अरबी समुद्र निवडावा, मग त्यातला मुंबईच्या आसपासचा किनारा. बंगालच्या उपसागरावर रेषांचं जंजाळ आहे, इकडे मात्र त्या विरळ. पुष्कळशा वायव्येला ओमानकडे निघून जातात, काही वळसा घेऊन गुजरातला भिडतात. मुंबईच्या वाट्याला आलेल्या रेषा इतक्या थोड्या आहेत की एकेकीला सालाने किंवा नावाने ओळखता येतं. नोव्हेंबर 1948ची एक, नोव्हेंबर 2009मधली फयानची, जून 2020मधली निसर्गची. मे 2021मधलं तौक्ते भिडलं नाही, पण अंगावरून गेलं.

या नकाशाचा मला सर्वांत भावतो तो त्याचा संयम. 6 जून 1882 रोजी मुंबईत वादळाने लाखभर माणसं मेली, ही गोष्ट वर्षानुवर्षं याद्यांतून आणि लेखांतून फिरत राहिली. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये तिचा माग काढला, तेव्हा हाती काही लागलं नाही. कुलाब्याची वेधशाळा त्या काळी चालू होती, अपोलो बंदरावर 1878पासून भरतीमापक पाणी मोजत होता. एवढा उत्पात घडून त्याची खूण राहणार नाही, हे शक्यच नव्हतं. ई-ॲटलास 1891ला सुरू होतो आणि त्याआधीचं ऐकीव काही आत घेत नाही. संकटाच्या नकाशाला भय वाढवण्याचा मोह फार असतो. तो इथे टाळलेला आहे, म्हणूनच ज्या मोजक्या रेषा आहेत त्यांच्यावर भरवसा ठेवून बारकाईने वाचता येतं.

निसर्गची रेषा घ्या. 3 जून 2020. समुद्रातून उत्तरेला चढत आलेली रेषा ईशान्येला वळते आणि दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर येते. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे असं वादळ किनाऱ्याला लागताना केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्रावरून जमिनीवर येतो आणि उत्तरेला जमिनीवरून समुद्राकडे जातो. मुंबई उत्तरेला होती. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, दापोली-मंडणगडकडची घरं उघडी पडली. आणि त्याच वेळी दादरच्या चौपाटीसमोरच्या पाण्याला वारा मुख्यतः किनाऱ्यापासून मागे रेटत होता. हीच रेषा सव्वाशे-दीडशे किलोमीटर वर, वसई-पालघरकडे सरकवून पाहा. मग माहीमपासून वरळीपर्यंतचा सगळा पश्चिम किनारा वाऱ्याच्या तोंडी येतो. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढंही नाही.

तौक्तेची रेषा वेगळ्या घडणीची. 17 मे 2021 रोजी ती किनाऱ्याला जवळजवळ समांतर, शंभर-दीडशे किलोमीटर दूर समुद्रातून वर गेली आणि रात्री गुजरातला लागली. मुंबई तिच्या उजव्या हाताला राहिली, म्हणजे वारा आग्नेयेकडून सुरू होऊन दक्षिणेकडून नैर्ऋत्येला फिरत गेला. गेटवे ऑफ इंडियाचं तोंड समुद्राकडे नाही, बंदराकडे आहे; पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या लाटांपासून ते एरवी आडोशाला असतं. त्या दिवशी मात्र लाटा गेटवेच्या कठड्यावर आदळल्या. का आदळल्या, याचं उत्तर त्या एका रेषेच्या बाकात आहे. मला हा नकाशातला सर्वांत सुंदर तपशील वाटतो.

वाऱ्याचं मोजमाप इमारतींच्या मानक संहितेत आहे. मुंबईसाठी तिने धरलेला मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, ताशी सुमारे 158 किलोमीटर, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर. तौक्तेत कुलाब्याला 114चा झोत नोंदला गेला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून 158चा दाब 114च्या जवळजवळ दुप्पट भरतो. लालबाग-परळला गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे संहितेच्या आकड्यावर बेतलेले असतात. त्यांच्या पायाशी असलेल्या चाळींची कौलं आणि पत्रे कुठल्याही आकड्यावर बेतलेले नाहीत. वाऱ्याच्या नकाशात दोन्हींचा रंग एकच.

पण या शहराची खरी गाठ पाण्याशी आहे. वादळात पाणी दोन कारणांनी फुगतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर चढतो. आणि वारा पाणी उथळ किनाऱ्याकडे ढकलत आणून साठवतो. दुसरं कारण कितीतरी मोठं. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार दूरवर उथळ आहे, त्यामुळे ढकललेल्या पाण्याला खाली परतायला जागा नसते. या फुगवट्यावर लाटा स्वार होऊन येतात. गिरगाव चौपाटीला मलबार हिलचा थोडा आडोसा आहे, दादरच्या किनाऱ्याला तोही नाही.

तरी फुगलेल्या समुद्राला शहर बुडवायला कठडा ओलांडावाच लागतो असं नाही. 1784मध्ये हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून वरळीकडची खिंड बुजवली, बेटं जोडली, पण मधली सखल जमीन सखलच राहिली. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या 1993च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालातली मोजदाद पाहा: पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या 186 पातमुखांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, 135 त्या पातळीच्या वर पण भरतीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त 6. समुद्र चढला की तो या मुखांशी उभा राहतो आणि आतलं पाणी आतच थांबतं. दादर-परळमधलं सखल हिंदमाता त्यामुळेच तुंबतं. म्हणून ब्रिटानियाचं उदंचन केंद्र आलं, म्हणून प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या खोदल्या गेल्या. फुगवट्याचा नकाशा काढणारा किनाऱ्यालगत निळी पट्टी रंगवून थांबला, तर त्याच्या नकाशात हिंदमाता कोरडं दिसेल. रंग किनाऱ्यापासून नव्हे, पातमुखांपासून आत पसरला पाहिजे.

आता कोळीवाड्यातलं ज्ञान या नकाशावर ठेवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. अपोलो बंदरावर उधाणाची भरती साधारण साडेचार मीटरच्या घरात जाते, भांगाची सव्वातीनच्या आसपास राहते. दर पावसाळ्याआधी वर्तमानपत्रांत येणारे साडेचार मीटरचे आकडे या पातळीचे असतात, लाटांच्या उंचीचे नव्हेत. लाट त्यावर आणखी चढते. म्हणजे एकच फुगवटा कुठल्या तिथीला आणि कुठल्या प्रहरी येतो, यावर पाण्याची शेवटची रेघ मीटरभराहून जास्त वरखाली होते.

म्हणून या चार रेषांशेजारी पंचांग उघडून बसावं. नोव्हेंबर 1948मध्ये अमावास्या 1 तारखेला होती. वादळ आलं 21-22च्या सुमाराला, वद्य षष्ठी-सप्तमीच्या आगेमागे. फयान 11 नोव्हेंबर 2009चं, अमावास्येच्या पाच दिवस आधी. तौक्ते मुंबईजवळून गेलं ती वैशाख शुद्ध पंचमी. तिन्ही भांगाच्या आसपासची. निसर्ग तेवढं पौर्णिमेच्या तोंडावर, द्वादशीला आलं. पण द्वादशीची मोठी भरती सकाळीच येऊन गेली होती आणि केंद्र जमिनीवर आलं ते दुपारी, ओहोटीच्या वेळी, तेही मुंबईच्या दक्षिणेला.

एवढ्या वर्षांच्या या नोंदीत आपल्या पिढ्यांना ठाऊक असलेल्या चारही वादळांनी मुंबईला उधाणाच्या भरतीची वेळ चुकवून गाठलं आहे. प्रभागवार संकटनकाशे तयार करणाऱ्यांनी वारा, लाट आणि फुगवटा असे तीन पदर जरूर काढावेत. पण गिरगाव, दादर, परळसाठीचा एक कागद असाही हवा, ज्यात मुंबईच्या उत्तरेला लागणारी रेषा पौर्णिमेच्या दुपारच्या भरतीवर ठेवलेली आहे आणि 186पैकी प्रत्येक पातमुखाशी त्या घडीची पाण्याची पातळी लिहिलेली आहे.