सत्तावीस मिनिटांची लय

गुरूच्या ध्रुवांवर क्ष-किरणांची ज्योत थांबून थांबून भडकते, हे आधीच माहीत होते. डिसेंबर २००० मध्ये चंद्रा दुर्बिणीने उत्तर ध्रुवापाशी दर ४५ मिनिटांनी उजळणारा एक डाग टिपला. पण तो होता भलत्याच जागी, अपेक्षेपेक्षा ध्रुवाच्या बराच जवळ. तिथल्या चुंबकीय रेषा गुरूच्या त्रिज्येच्या तिसाहून अधिक पट दूर जातात. तेव्हा उगम शोधायचा तर तिकडे, दूरवर.

झोंगहुआ याओ, विल्यम डन आणि सहकाऱ्यांचा २०२१ मधला शोधनिबंध हाच धागा उचलतो. त्याचे खरे सौंदर्य दोन आलेखांच्या भेटीत आहे. जुलै २०१७ मध्ये एक्सएमएम-न्यूटन दुर्बीण सलग २६ तास गुरूकडे रोखलेली होती आणि त्याच वेळी जुनो यान गुरूच्या चुंबकावरणात, ग्रहापासून खूप लांब फिरत होते. एकीकडे क्ष-किरणांचे ठोके, सुमारे २७ मिनिटांच्या अंतराने. दुसरीकडे चुंबकक्षेत्राचे आवळणे आणि सैलावणे. लय एकच!

इथे थांबण्याचा मोह लेखक टाळतात, आणि मला हा निबंध आवडतो तो त्यामुळेच. लय जुळली म्हणून कारण सापडत नाही. मधला एकेक दुवा ते भरत जातात: आवळणाऱ्या क्षेत्रातून प्लाझ्मात लहरी उठतात आणि त्या लहरींवर स्वार होऊन जड आयन चुंबकीय रेषांवरून लाखो किलोमीटर धावत ध्रुवावर कोसळतात.

हे आयन मुळात आयो या चंद्राच्या ज्वालामुखींचे. आयोवरून दर सेकंदाला सुमारे एक टन गंधकयुक्त द्रव्य अवकाशात जाते. त्यातल्या ऑक्सिजनच्या अणूपाशी इलेक्ट्रॉन ८. गुरूच्या वातावरणात घुसताना जवळजवळ सगळे झडतात. मग तो उपाशी आयन तिथल्या हायड्रोजनचा एखादा इलेक्ट्रॉन हिसकावतो. तो इलेक्ट्रॉन नव्या घरात खालच्या पातळीवर उतरतो आणि क्ष-किरण बाहेर पडतो. ज्वालामुखीच्या राखेपासून ध्रुवाच्या तेजापर्यंतचा हा प्रवास कितीदा वाचला तरी माझे मन भरत नाही.

क्षेत्र मुळात आवळते कशाने? सौरवाऱ्याने, की आतल्याच वेगवान प्रवाहांनी? तो प्रश्न लेखक मोकळा ठेवतात. शिवाय डन यांच्याच २०१७ च्या निबंधात दक्षिण ध्रुव उत्तरेची पर्वा न करता सुमारे ११ मिनिटांच्या तालावर उजळताना दिसला होता. एकच ग्रह, एकच चुंबकक्षेत्र, आणि दोन टोकांना दोन ताल: ही गाठ अजून सुटायची आहे.