विकत घेतलेले गाणे

मराठीत ‘विकत घेणे’ हे क्रियापद एकटे उभे राहत नाही. हिंदीला फारसीतून ‘ख़रीदना’ मिळाले, बंगालीने संस्कृत ‘क्री’ धातूपासून ‘केना’ घडवले; या दोन्ही शब्दांत घेणारा तेवढा दिसतो. मराठीच्या घेण्यात मात्र विकणे आधीच येऊन बसलेले असते. गुजरातीत ‘वेचातुं लेवुं’ म्हणतात, तिथेही हीच रचना आहे. समोरच्याने वस्तू विकली, म्हणजे स्वतःच्या हातातून सोडली, तरच मला ती विकत घेता येते. त्याने ती सोडली नसेल तर त्या व्यवहारासाठी आपल्याकडे दुसरे शब्द आहेत: भाड्याने आणली, उसनी घेतली, वापरायला मिळाली. ‘खरेदी’ हा शब्द मराठीतही आहेच, पण खरेदीखत म्हटले की त्यातही ताबा सोडल्याचा उल्लेख लागतो.

संगीताच्या डिजिटल दुकानांत गेली वीसेक वर्षे या शब्दांची सरमिसळ चालली आहे. बटणावर ‘बाय’ लिहिलेले असते आणि खाली अटींमध्ये ‘लायसन्स’. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्याने मला हा प्रश्न आधी शब्दाचा वाटतो. ज्या व्यवहारात विकणारा काहीच सोडत नाही, त्याला ‘विकत घेणे’ म्हणावे काय? माझ्या मते, कुलूप न लावलेली, आपल्या संगणकावर उतरवून घेता येणारी आणि कितीही प्रती काढता येणारी गाण्याची फाइल ही डिजिटल बाजारात या क्रियापदाचा अर्थ शाबूत ठेवणारी मोजक्या गोष्टींपैकी एक आहे. आणि तो अर्थ ग्राहकाइतकाच समीक्षेलाही लागतो.

या कुलपाचे नाव डीआरएम, म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. अॅपलने २८ एप्रिल २००३ रोजी आयट्यून्सचे संगीत दुकान उघडले तेव्हा एका गाण्याची किंमत ९९ सेंट होती. गाण्यावर ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप होते, त्यामुळे ते ठरावीक संख्येच्याच संगणकांवर वाजे आणि खिशात ठेवायच्या यंत्रांपैकी मुख्यतः आयपॉडवर. तेव्हाची समजूत साधी होती: फाइलची प्रत काढायला खर्च येत नाही, म्हणून कुलूप नसेल तर एक गाणे विकताच हजार चोरीला जातील.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो एका पत्राने. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी संगीताविषयी एक जाहीर निवेदन लिहिले. गद्याचा नमुना म्हणून ते आजही वाचण्यासारखे आहे. त्यात तीन पर्याय ओळीने मांडले आहेत, प्रत्येकाचे गुणदोष थंडपणे सांगितले आहेत, आणि युक्तिवादाचा कणा एका तुलनेवर उभा आहे. २००६ मध्ये ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी विकली गेली ती २ अब्जांहून कमी; त्याच वर्षी त्याच संगीत कंपन्यांनी सीडीवरून २० अब्जांहून अधिक गाणी कोणत्याही कुलपाविना विकली. पुढचे दार सताड उघडे असताना खिडकीला कडी घालण्यात काय हशील, असा त्याचा मथितार्थ.

पण निवेदन कोणी, कोणत्या दबावाखाली लिहिले हेही वाचायला हवे. नॉर्वेसह काही युरोपीय देशांतील ग्राहक संस्था तेव्हा अॅपललाच जाब विचारत होत्या, की तुमच्या दुकानातले गाणे दुसऱ्याच्या यंत्रावर का वाजत नाही? निवेदनाने तो रोख संगीत कंपन्यांकडे वळवला. पुढे एप्रिल २००७ मध्ये ईएमआय ही कंपनी तयार झाली. कुलूप नसलेले, अधिक चांगल्या प्रतीचे गाणे १ डॉलर २९ सेंटना मिळू लागले. स्वातंत्र्याला तीस सेंटांचा अधिभार पडला. सप्टेंबर २००७ मध्ये अॅमेझॉनने एमपी३ विकायला सुरुवात केली आणि जानेवारी २००९ मध्ये अॅपलने आपले सगळे दुकानच कुलूपमुक्त करण्याची घोषणा केली. ईम्यूझिक १९९८ पासूनच बिनकुलपाची एमपी३ विकत आले होते, हे मात्र या विजयकथेत फारसे कोणी सांगत नाही.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हांला एक सवय लावली गेली: दोन कथांची तुलना करायची तर त्यांचे शेवट शेजारी ठेवून पाहा. इथेही ती कामी येते.

पहिला शेवट अमेरिकेतला. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्यूझिकच्या गिऱ्हाइकांना कळवले, की ३१ ऑगस्टनंतर गाण्यांच्या किल्ल्या देणारा सर्व्हर बंद होईल. आधीच परवानगी मिळालेल्या संगणकावर गाणी वाजत राहतील, पण नवा संगणक घेतला किंवा त्याची प्रणाली बदलली तर ती तिथे नेता येणार नाहीत. ओरड झाली, तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. त्याच वर्षी याहूनेही आपल्या दुकानाचे सर्व्हर बंद करण्याचे जाहीर केले आणि गाण्यांची सीडी करून ठेवा असा सल्ला दिला. म्हणजे पैसे देऊन घेतलेले गाणे वाचवायचे, तर ज्या बिनकुलपाच्या माध्यमाला डिजिटल दुकानाने मागे टाकले होते त्याच्याच आश्रयाला जायचे. पुढे याहूने गिऱ्हाइकांना भरपाई देऊ केली, हेही नमूद करायला हवे.

दुसरा शेवट आपल्याकडचा. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाचे एमपी३चे दुकान सुरू केले. भारतीय भाषांतली गाणी कायदेशीरपणे, अगदी कमी किमतीत आणि कुलपाविना मिळत होती. जून २०१३ मध्ये ते बंद झाले. पायरसी आणि लहान रकमा सहज चुकत्या करण्याची सोय नसणे, हे प्रश्न सुटल्याशिवाय हा धंदा भारतात वाढणार नाही, असे कंपनीने सांगितले. विकत घेतलेली गाणी उतरवून घ्यायला साधारण दोन महिने दिले आणि दुकानावर पडदा पडला.

दुकान म्हणून दोन्ही कथा अपयशाच्याच आहेत. फरक आहे तो दुकान मेल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती काय उरले यात. एकीकडे किल्ली देणाऱ्याच्या मर्जीवर जगणारे गाणे, दुसरीकडे कोणत्याही यंत्रावर वाजणारी फाइल. अमेरिकी कंपनी प्रचंड होती आणि आपले दुकान दीड वर्षही चालले नाही. तरीही टिकले ते छोट्या दुकानाने विकलेले गाणे. विक्रेत्याचे आयुष्य आणि वस्तूचे आयुष्य वेगळे असणे, ही विक्रीची खरी खूण आहे. ज्या दुकानातून पुस्तक घेतले ते बंद पडले म्हणून आपल्या फडताळातले पुस्तक कोरे होत नाही.

मग स्ट्रीमिंग आले आणि ‘विकत घेणे’ हा शब्दच मागे पडला. एका अर्थी हे अधिक प्रामाणिक होते; महिन्याची वर्गणी भरा, ऐका, वर्गणी थांबवा. भाड्याला भाडे म्हटले तर तक्रार नसावी. पण भाडेकरूला घरमालकांच्या आपसातल्या करारांची झळ बसते. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्यूझिक यांचा करार पुढे सरकला नाही, आणि लोकांनी जपलेल्या याद्यांतली गाणी मुकी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक हे अॅप बंद करण्याचे ठरवले. त्यावर श्रोत्यांनी लावलेल्या याद्या म्हणजे एका परीने त्यांच्या रुचीच्या वह्याच होत्या.

याच सुमारास शब्दाच्या प्रश्नाला कायद्याने हात घातला. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने केलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा सांगतो, की गिऱ्हाइकाला फक्त परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट न सांगता विक्रेत्याने ‘बाय’ किंवा ‘परचेस’ हे शब्द वापरू नयेत. त्यातली एक सूट महत्त्वाची आहे. एकदा उतरवून घेतली की विक्रेत्याला परत काढून घेता येणार नाही, अशी फाइल देणाऱ्याला हे बंधन नाही. विधिमंडळाने क्रियापदाचा अर्थ ठरवावा, हे भाषेच्या अभ्यासकाला रोज पाहायला मिळत नाही. मराठीने तो अर्थ शब्दाच्या रचनेतच ठेवला होता.

आपल्या कायद्याचा मजकूरही वाचण्याजोगा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला, पण हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले असेल तर. या ‘हेतू’ शब्दात बरेच शहाणपण आहे. कुलपाला मात्र हेतू कळत नाही. चोर, अभ्यासक आणि आपलेच गाणे नव्या संगणकावर नेणारा श्रोता त्याला सारखेच. त्याला दिनदर्शिकाही कळत नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो आणि ते सर्वांचे होते; फाइलवरचे कुलूप मात्र त्या दिवशी आपोआप गळून पडत नाही.

समीक्षेशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. समीक्षेचा पाया पुन्हा पाहण्यावर असतो. तोच पाठ, तेच पान, तीच ओळ माझ्यासमोर आणि माझ्याशी वाद घालणाऱ्यासमोर असावी लागते. काही वर्षांपूर्वी मी ठुमरीवरच्या एका हिंदी लेखाचे मराठी भाषांतर करत होते. लेखकाचा सगळा मुद्दा एका ध्वनिमुद्रणात गायिका दुसऱ्यांदा मुखड्यावर येताना एक शब्द कसा बदलते यावर होता. एका स्ट्रीमिंग सेवेवर ते मुद्रण सापडले, मी टीप लिहिली. प्रुफे आली तेव्हा त्याच नावाखाली त्याच गायिकेचे दुसरे मुद्रण होते आणि त्यात तो शब्द बदलतच नव्हता. लेख खोटा ठरला नव्हता, पण त्याचा पुरावा गायब होता. शेवटी मूळ मुद्रणाची फाइल एका छोट्या प्रकाशकाकडून विकत घेतली आणि टीप तिच्यावर आधारली.

पोथ्यांचे संपादन करणारे पाठभेद नोंदवतात, कारण प्रत्येक पोथी कुठेतरी ठेवलेली असते. सेवेवरच्या गाण्याला तसे ठिकाण नसते. पाठ बदलला तरी बदलल्याची खूण राहत नाही. कुलूप नसलेल्या फाइलचा आणखी एक उपयोग हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना ठाऊक असतो. फाइलसोबत येणारी माहिती ‘आर्टिस्ट, अल्बम, ट्रॅक’ या साच्यात असते. त्यात रागाला जागा नाही, तालाला नाही, तबल्यावर कोण आणि हार्मोनियमवर कोण यांना तर नाहीच. पण फाइल माझी असेल तर मला त्या नोंदी करता येतात, चुकीचे रागनाव दुरुस्त करता येते, मैफलीचे वर्ष घालता येते. श्रोता तिथे लहानसा संपादक होतो.

आक्षेप उरतो तो कलावंताचा, आणि तो गंभीर आहे. प्रत सहज निघते, मग गायकाच्या हाती काय लागते? आपल्या परंपरेत या भीतीला जुना इतिहास आहे. घराण्यांनी चीजा राखून ठेवल्या, कारण चीज हेच त्यांचे धन होते. राजाश्रय आटत असताना ते धन जपणे समजण्यासारखे होते. भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त मराठीतून छापल्या तेव्हा धनाची वाटणी झाली, आणि तिच्याबद्दलचे वाद अजून मिटलेले नाहीत. मला त्यातून एवढेच दिसते, की राखण आणि प्रसार यांतला ताण कुलूप लावून किंवा काढून एकदाचा सुटत नाही.

तरी काही नमुने डोळ्यांसमोर आहेत. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केले, कलावंतांचे संगीत त्यांच्याच अटींवर विकले जावे म्हणून. २००८ पासून चालणारे बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते, बाकी रक्कम व्यवहाराचा खर्च वजा होऊन कलावंताकडे जाते. गिऱ्हाइकाला एमपी३ किंवा आवाजाचा काहीही अंश न गाळणारी फ्लॅक फाइल मिळते, आणि ठरलेल्या किमतीहून जास्त देण्याची मुभा असते. लोक खरोखरच जास्त देतात. चोरता येईल असे गाणे लोक विकत घेतात, हे जुन्या समजुतीत न बसणारे वास्तव आहे. पण बँडकॅम्पही २०२२ आणि २०२३ अशा दोन वर्षांत दोनदा विकले गेले आणि त्यातल्या निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तिथून उतरवलेल्या फाइली वाजत राहिल्या. दुकानातल्या माणसांना मात्र फाइलचे स्वातंत्र्य वाचवू शकले नाही.

शिवाय ताबा घेतला की जबाबदारीही येते. हार्ड डिस्क बिघडते, फोन हरवतो, प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या लागतात. स्ट्रीमिंगने ही यातायात आपल्याकडून काढून घेतली आणि त्या बदल्यात निर्णयही काढून घेतला. रोजच्या ऐकण्यासाठी तो सौदा मलाही सोयीचा वाटतो. पण ज्या गाण्याबद्दल लिहायचे आहे, ज्याचे भाषांतर करायचे आहे, जे पुढच्या पिढीच्या हाती द्यायचे आहे, ते विकत घ्यावे आणि उतरवून ठेवावे. त्यासाठी विकणाऱ्याने ते खरोखर सोडलेले असले पाहिजे.