चित्रकार स्वतःच्या चित्रांविषयी बोलतो तेव्हा

मुचकुंदीच्या मुखाशी, पूर्णगडात बसून मुंबईच्या एका चित्रकाराविषयी बोलायचं म्हणजे जरा लांबचं वाटेल. पण ज्या चित्रांकडे आपण आज जाणार आहोत, त्यांतली बरीच माणसं याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेली आहेत. ते पुढे येईलच. आधी प्रश्न मांडतो.

चित्रकाराचं नवं प्रदर्शन येणार असलं की हल्ली चित्रांच्या आधी त्याचं बोलणं येतं. मुलाखत येते, दालनाच्या भिंतीवर निवेदन लागतं. नवं काम जुन्यापेक्षा वेगळं कसं, ते का बदललं, पुढे काय करायचं आहे, हे तो सांगतो. या बोलण्याचं आपण काय करायचं?

याची दोन सोपी उत्तरं आहेत. पहिलं असं, की चित्र त्याचं, तेव्हा अर्थही त्यालाच ठाऊक. आपण ऐकावं आणि मान डोलवावी. दुसरं उत्तर विमसॅट आणि बिअर्ड्स्ली या दोघांनी १९४६ साली एका प्रसिद्ध निबंधात मांडलं. कलाकृतीची पारख करताना कर्त्याचा हेतू हा निकष म्हणून उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो, असं त्यांचं म्हणणं. ते कवितेविषयी बोलत होते, पण चित्रालाही ते लावलं जातं. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का, ते सुधीर पटवर्धनांच्या चित्रांवरून पाहू.

पटवर्धनांचा जन्म १९४९चा, पुण्याचा. शिक्षण वैद्यकाचं. १९७५पासून २००५पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. दिवसा एक्स-रे आणि उरलेल्या वेळात चित्रं. २००५नंतर ते पूर्णवेळ चित्रकार झाले. १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनातल्या सहा चित्रकारांपैकी ते एक. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी हे बाकीचे पाच. माणूस आणि त्याची जागा यांना चित्रात परत आणायचं, असा त्या मंडळींचा आग्रह होता.

आता रेडिओलॉजिस्टचं काम कसं चालतं बघा. रुग्ण सांगतो, ‘इथे दुखतंय.’ हे सांगणं महत्त्वाचं; त्यावरून कुठला फोटो काढायचा ते ठरतं. पण दुखणं कशाने, हे रुग्णाच्या सांगण्यावरून ठरत नाही. ते फिल्म उजेडावर धरून पाहावं लागतं, आणि कधी कधी दुखणं भलतीकडेच निघतं. तरी रुग्ण खोटं बोलत होता असं कुणी म्हणत नाही. चित्रकाराचं निवेदन मी याच जागी ठेवतो. ते लक्षण आहे, निदान नव्हे. ऐकायचं, आणि मग चित्र उजेडात धरायचं.

पटवर्धन आपल्या कामाविषयी बोलतात, लिहितात, आणि प्रामाणिकपणे. त्यांच्या सांगण्याचा सारांश माझ्या शब्दांत असा : सुरुवातीच्या वर्षांत डाव्या विचारांची ओढ होती, कामगार माणूस चित्राच्या मध्यभागी आणायचा होता. पुढे प्रश्न पडू लागला, की मी डॉक्टर, मध्यमवर्गीय. या माणसांचं चित्र काढणारा मी कोण? मी कुठे उभा राहून यांच्याकडे पाहतो? या शंकेतून पाहणाऱ्याची जागा हाच चित्राचा एक विषय झाला. त्यांच्यावरच्या लेखनातही ही शंका पुन्हा पुन्हा येते, आणि तिचं कौतुक होतं.

शंका खरी आहे. पण ती चित्रात उतरली का, आणि उतरली तर तिचं काय झालं, हा निराळा प्रश्न. शंका प्रामाणिक आहे म्हणून चित्र चांगलं, असा निष्कर्ष निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तो काढू देत नाहीत.

तीन चित्रं घेऊ. १९७७चं ‘इराणी रेस्टॉरंट’, १९८४चं ‘टाउन’ आणि २००१चं ‘लोअर परळ’.

‘इराणी रेस्टॉरंट’मध्ये माणूस मोठा आहे. त्याच्या देहाला वजन आहे, तो जागा व्यापून आहे. हॉटेल कुठलं, याला फारसं महत्त्व नाही. मुंबईतलं कुठलंही इराण्याचं हॉटेल चालेल. महत्त्व त्या माणसाला आहे. ‘टाउन’मध्ये नजर वर चढते. एकच एक माणूस न दिसता वस्ती दिसते. आणि ‘लोअर परळ’मध्ये वस्तीही मागे पडून शहराचा एक पट्टाच समोर पसरतो : रेल्वे, गिरण्यांची धुराडी, त्यांच्यामागे चढत गेलेल्या नव्या इमारती. माणसं आहेत, पण लहान.

म्हणजे चोवीस वर्षांत माणूस आकाराने लहान होत गेला. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की चित्रकार नम्र झाला. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हक्क सांगणं त्याने सोडलं, तो लांब उभा राहिला. हे स्पष्टीकरण चुकीचं नाही. पण त्यात सगळं लक्ष चित्रकाराच्या मनाकडे जातं. चित्रातल्या माणसांचं काय झालं, हे बाजूला राहतं.

त्यांचं काय झालं, हे या गावात मी सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांत कोकणातले किती, ते घरोघर विचारा. लालबाग-परळच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोल्या, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, गावी येणारी मनीऑर्डर आणि गणपतीला येणारे चाकरमानी, यावर इथली घरं चालत होती. संप रीतसर मागे न घेताच विरला. काही गावी परतले, काही मिळेल त्या कामाला लागले. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनींचा रस्ता मोकळा केला. लोअर परळची फिनिक्स मिल आज मॉल म्हणून ओळखली जाते.

आता ‘लोअर परळ’ परत पाहा. माणूस लहान दिसतो, कारण त्या जागेने त्याला लहान केलं आहे. धुराडं उभं आहे, पण त्याच्या पायथ्याशी पाळी सुटल्यावर बाहेर पडणारी गर्दी नाही. गिरणीत राबलेला कुणी या चित्रासमोर उभा राहिला, तर ‘हा मी’ असं म्हणणार नाही. ‘हे आपलं परळ’ असं म्हणेल. जागेची ओळख पटते, स्वतःची पटत नाही. माझ्या मते चित्राने पकडलेलं सत्य हेच. शहर बदलल्याविषयी पटवर्धनही बोललेले आहेत. पण ‘मी कोण पाहणारा’ या प्रश्नाचा आवाज इतका मोठा झाला, की चित्र त्याहून अधिक काही सांगतं आहे हे ऐकू येईना. इथे चित्र चित्रकाराच्या निवेदनापुढे गेलं आहे.

किंमतही मोजावी लागली, तेही सांगायला हवं. ‘इराणी रेस्टॉरंट’मधल्या माणसाशी नजरेला नजर देता येते; ‘लोअर परळ’मधल्या कुणाशीही देता येत नाही. एकूण दुखणं मोठं दिसतं, पण दुखणारा माणूस हरवतो. ही उणीव मी मानतो. तरीही दोन्हींत मी ‘लोअर परळ’ला वरचं ठेवतो, कारण चेहरा असल्याचा खोटा दिलासा ते देत नाही.

आता प्रदर्शनाकडे येतो. पुढचं प्रदर्शन कुठे, हा आपण व्यवस्थेचा प्रश्न समजतो : दालन, तारखा, विमा, वाहतूक. या चित्रांच्या बाबतीत तो सौंदर्यशास्त्राचाही प्रश्न आहे. चित्राचा दावा ओळखीचा असेल, तर ओळखणारी माणसं समोर आल्याशिवाय तो तपासला जात नाही. २०१९-२०मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानियांनी पटवर्धनांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन मांडलं. आयुष्यभराचं काम एकत्र दिसलं, ते मोलाचं. पण त्याहीपेक्षा २००८-०९मध्ये पटवर्धनांच्या पुढाकाराने ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून गेलं, ते मला मोठं वाटतं. मी कोण पाहणारा, या शंकेला मला दिसलेलं सर्वांत सरळ उत्तर ते आहे. लांब उभं राहण्यापेक्षा चित्रं घेऊन लोकांकडे जाणं अवघड असतं.

तुम्ही म्हणाल, आता चित्रं फोनवर दिसतात. दिसतात, पण तळहाताएवढ्या पडद्यावर ‘लोअर परळ’ उघडलं की आधीच लहान असलेली माणसं पार नाहीशी होतात. उरतं ते शहराचं दृश्य. म्हणजे ज्यासाठी चित्र पाहायचं, नेमकं तेच गळतं. आपल्या जिल्ह्यात सावर्ड्याला कलामहाविद्यालय आहे, तिथे मुलं रंगकाम शिकतात. मूळ चित्रं इथल्या एखाद्या सभागृहात, खऱ्या आकारात, पंधरा दिवस लागावीत, ही मागणी आपण करायला हवी. ती उपकार म्हणून मागायची नाही. त्या चित्रांनाही इथल्या नजरेची गरज आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही चित्रकाराने नव्या कामाविषयी काही सांगितलं, की तीन गोष्टी विचारा. तो काय म्हणतो? चित्र तेच म्हणतं, की अधिक, की उणं? आणि ज्यांच्याविषयी चित्र आहे, त्यांना ते पाहायला मिळणार आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर लिहिलेलं असतं. उरलेल्या दोन्हींसाठी आपल्याला उठून जावं लागतं.

इथे थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं कुणी गिरणीत असेल, तर त्यांनी आधी बोलावं. बाकीचे प्रश्न नंतर घेऊ.