'मान्य आहे' म्हणण्यापूर्वी

अकरावी प्रवेशाच्या दिवसांत स्वारगेटच्या एसटी स्थानकाजवळच्या एका नेटकॅफेत आम्ही तासभर बसलो होतो. २०२५ पासून हे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले असल्याने मुलांची गर्दी होती. महाविद्यालयांची माहिती शोधताना मुले एकामागून एक संकेतस्थळे उघडत. अनेकांच्या तळाशी एक इंग्रजी पट्टी येई. तिचा आशय असा : आपला अनुभव सुधारण्यासाठी आम्ही कुकीज वापरतो. शेजारी ठळक बटण, 'सर्व मान्य'. पट्टी वाचणारा एकही विद्यार्थी आम्हांला दिसला नाही. दोष मुलांचा नव्हे. ही सूचना कोणी वाचू नये अशाच रीतीने लिहिलेली असते, असे आमचे मत झाले आहे.

मुळात कुकी म्हणजे काय? वेबवर प्रत्येक मागणी स्वतंत्र असते; आधी कोण येऊन गेले हे सर्व्हरला आठवत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये एक युक्ती काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला क्रमांकाचा बिल्ला मिळतो ना, तशीच ही. संकेतस्थळ ब्राउझरला एक खूण देते आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ती परत दाखवतो. कुकी हा प्रोग्राम नव्हे. तो सुमारे चार किलोबाइटपर्यंतचा मजकूर असतो. तिच्यामुळेच पान बदलले तरी आपले लॉगिन टिकते.

आता समजा, सारसबागेपासून पर्वतीपर्यंत सगळ्या देवळांबाहेरचे चपलांचे स्टँड एकाच ठेकेदाराने घेतले आणि सर्वत्र एकच बिल्ला चालू केला. आपण कोठे, केव्हा गेलो हे त्याच्या वहीत आपोआप जमेल. जाहिरात कंपन्यांच्या 'त्रयस्थ' कुकीज नेमके हेच करतात.

सूचनेविषयी आमची पहिली तक्रार हीच. 'अनुभव सुधारणे' या दोन शब्दांत गरजेचा बिल्ला आणि ठेकेदाराची वही एकत्र बांधलेली असते. दुसरी तक्रार, होकार एका टिचकीवर, पण नकार बहुधा आतल्या पानांत दडवलेला. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला, तो याच वृत्तीविरुद्ध. तिसरी तक्रार भाषेची. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय हवी. १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवण्यासही तो काही अपवाद वगळता मनाई करतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अंमल मात्र टप्प्याटप्प्याने ठरला आहे. तोवर मुलांना सावध करणे आपल्याकडेच येते.

येथे आपण शिक्षकांनीही स्वतःला तपासावे. 'कुकीज पुसल्या की झाले' असे आपण सांगतो, ते अर्धसत्य आहे. बिल्ला फेकून दिल्याने ठेकेदाराची वही कोरी होत नाही. 'इनकॉग्निटो' खिडकीही प्रामुख्याने त्या संगणकावरची नोंद टाळते. समोरच्या संकेतस्थळाला आपली भेट दिसतेच. उलट, नेटकॅफेत लॉगआउट न करता उठणे म्हणजे आपला बिल्ला टेबलावर ठेवून जाणे. पुढचा माणूस आपल्या चपला घालून जाऊ शकतो!

म्हणून पुढच्या तासाला एक प्रयोग करावा. शाळेच्या संगणकावर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये साठवलेल्या कुकीजची यादी उघडावी आणि यांतले कोणते संकेतस्थळ आपण स्वतः उघडले होते, असे मुलांना विचारावे. अनोळखी नावे दिसली तर ती वेगळी लिहावीत. मग त्रयस्थ कुकीज बंद कराव्यात. सफारीने त्या २०२० पासून आपणहून अडवल्या आहेत. क्रोममध्ये नेहमीच्या खिडकीसाठी ते आपल्यालाच करावे लागते. एवढे केल्यावर वर्गात ती पट्टी पुन्हा वाचावी. या वेळी मुले ती नक्की वाचतील.