चहाची पंक्ति आणि प्रभुभोजनाची पंक्ति

१८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ व्याख्यानास जमले, त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं, गोपाळराव जोशी यांनीं त्यांचीं नांवें ‘पुणेंवैभवां’त छापविलीं, आणि त्यावरून जें ग्रामण्य माजलें त्याची हकीगत आपल्या इतिहासग्रंथांत सविस्तर नमूद आहे. लोकमान्य टिळक व न्या. रानडे हे त्यांत गोंवले गेले. शंकराचार्यांच्या वतीनें चौकशी झाली. १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. पेला कोणी ओठास लाविला व कोणी नुसता हातीं घेऊन परत ठेविला, इथपर्यंत अभ्यासकांनीं छडा लाविला आहे.

या साक्षेपाबद्दल कोणी दोष देणार नाहीं. परंतु त्याच मिशनच्या देवळांत आणखी एक पंक्ति बसत असे, आणि तिच्याकडे तितक्या साक्षेपानें कोणी पाहिल्याचें आढळत नाहीं. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचा एखादा मनुष्य, बाप्तिस्मा पावलेला व सदाचरणी असला, तरी त्या पंक्तीस नियमानें बसूं शकत नव्हता. चहाची नोंद झाली, प्रभुभोजनाची राहिली. ‘देशी ख्रिस्ती’ असा एकच शिक्का मारून त्या समाजाचे सर्व कागद एकाच रुमालांत बांधण्याची आपली रीत या उणिवेच्या मुळाशीं आहे. तिचें परीक्षण करणें हा या लेखाचा हेतु होय.

प्रथम विधीचें स्वरूप ध्यानीं घ्यावें. भाकर व द्राक्षारस यांच्या द्वारें ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचें स्मरण व त्याच्या शरीररक्ताचा लाभ, असा हा संस्कार आहे. प्रॉटेस्टंट मराठींत त्यास ‘प्रभुभोजन’ म्हणतात, रोमन कॅथॉलिक मराठींत ‘ख्रिस्तप्रसाद’ म्हणतात, आणि गोमंतकांत पोर्तुगीज शब्दावरून ‘कुमगार’ म्हणतात. हे तीन शब्द परस्परांचे पर्याय समजूं नयेत. एखाद्या निनांवी बाडांत यांपैकीं कोणता शब्द आला आहे, एवढ्यावरूनहि लेखकाचा संप्रदाय पुष्कळदां ताडतां येतो.

मीमांसकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर येथें वाद अधिकाराचा आहे, आणि तो दुहेरी आहे. घेण्याचा अधिकार कोणास, हा पहिला प्रश्न. देण्याचा अधिकार कोणास, हा दुसरा. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा नियम असा कीं, ज्याचें बिशपच्या हस्तस्पर्शानें दृढीकरण झालें आहे, किंवा जो त्यास सिद्ध व उत्सुक आहे, त्यासच हें भोजन द्यावें. अमेरिकन मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत बिशपच नसे. मंडळी उमेदवाराची परीक्षा घेऊन त्यास सभासद करी. यामुळें अहमदनगरचा मनुष्य नाशकास आला तर अडचण त्याच्या स्वतःच्या ठायीं निघे, कारण त्याचें दृढीकरण झालेलें नसे. उलट नाशकाचा मनुष्य अहमदनगरास गेला तर अडचण देणाऱ्याच्या ठायीं निघे, कारण तेथील पाळकाची दीक्षा बिशपकडून झालेली नसे. दोन्हीकडे निषेध एकच दिसतो, परंतु त्याचें कारण निराळें आहे. हा भेद न पाहिल्यामुळें पुढील सर्व घोटाळा होतो.

आपल्याकडील विद्वान् या निषेधाकडे पाहतात तेव्हां त्यांस मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतील पंक्तिपावन व अपांक्तेय यांची आठवण होते, आणि ‘धर्म बदलला, पंक्तिभेद राहिला’ असें सुटसुटीत विधान करून ते मोकळे होतात. हें विधान अर्धेंच खरें आहे. श्राद्धाच्या पंक्तींत अपांक्तेयाच्या उपस्थितीनें शेजाऱ्याच्या भोजनाचेंहि फल नष्ट होतें. दोष संसर्गानें पसरतो. प्रभुभोजनाच्या निषेधांत अशी कल्पना नाहीं. दृढीकरण न झालेला मनुष्य शेजारीं गुडघे टेकून बसला म्हणून कोणाचें पुण्य जात नाहीं. शिवाय हा निषेध जन्मानें येत नाहीं व दीक्षेनें फिटतो. दोहोंची तुलना अवश्य करावी, परंतु एकीकरण करूं नये.

मग अर्धें खरें तें कोणतें? याचें उत्तर नाशिक व अहमदनगर या दोन जिल्ह्यांच्या इतिहासांत आहे. चर्च मिशनरी सोसायटीनें नाशकास १८३२ सालीं काम आरंभिलें व १८५४ च्या सुमारास शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. दक्षिणेस अहमदनगरच्या बाजूस अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतें. एकाच जातीचीं, परस्परांशीं सोयरीक असलेलीं कुटुंबें केवळ कोणत्या मिशनच्या हद्दींत राहतात यावरून एपिस्कोपल किंवा काँग्रिगेशनल झालीं. त्यांनीं मतें तोलून संप्रदाय निवडला नव्हता. हद्दीनें त्यांस निवडलें होतें. पुढें १८७० नंतरच्या दशकांत एस्. पी. जी. हें दुसरें इंग्रज मिशन अहमदनगरांतच आलें, तेव्हां हद्दहि उरली नाहीं आणि एकाच गांवांत दोन वेद्या उभ्या राहिल्या. विवाहाच्या निमित्तानें एकत्र जेवणारे आप्त रविवारीं मात्र एका पात्रांतून घेऊं शकत नसत. ज्या लोकांस गांवच्या पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांच्यापैकीं बहुतेक हे लोक होते. लंडन व बोस्टन येथील जुना कलह त्यांच्या घरांत या रीतीनें शिरला; आणि तो जन्मस्थानावरून ठरत असल्यामुळें परिणामीं पंक्तिभेदासारखाच झाला. विधानाचा खरा अर्धा भाग तो हाच. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री सुधारक पक्षाचे असल्यामुळें परकीय मंडळ्यांशीं त्यांचा स्नेह अधिक असे हें खरें. परंतु नियमाचें पुस्तक त्यांचेंहि तेंच होतें.

या प्रश्नाचा एक धागा नाशकाहून थेट पूर्व आफ्रिकेस जातो. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शरणपुरांत शिकलीं. त्यांतील अनेक जण १८७४-७५ मध्यें मोंबासाजवळ स्थापन झालेल्या फ्रीअरटाउन वसाहतीचे आधार झाले. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर या शरणपुरच्या दोघां विद्यार्थ्यांस १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टननें दीक्षा दिली. ज्या पूर्व आफ्रिकेंत त्यांनीं मंडळीचा पाया घातला तेथेंच १९१३ सालीं किकुयू येथें निरनिराळ्या मिशनांची परिषद भरली आणि शेवटीं एकत्र प्रभुभोजन झालें. झांझिबारचे बिशप वेस्टन यांनीं मोंबासा व युगांडा येथील बिशपांवर पाखंडाचा आरोप ठेविला. १९१५ सालीं आर्चबिशप डेव्हिडसन यांनीं जो अभिप्राय दिला तो वर केलेल्या दुहेरी विभागणीवरच उभा आहे. परक्या मंडळीच्या एकाकी मनुष्यास बिशपनें प्रसंगीं भोजन द्यावें, परंतु आपल्या मनुष्यानें परक्या पाळकाच्या हातून तें घेऊं नये, असा त्याचा आशय होता. घेणाऱ्याबद्दल सवलत झाली, देणाऱ्याबद्दल झाली नाहीं. येथें हेंहि स्मरावें कीं, १८९६ सालीं पोप तेराव्या लिओनें इंग्लंडच्या मंडळीची दीक्षाच निरर्थक ठरविली होती. जो दुसऱ्यास अपात्र म्हणे, त्यास तिसरा अपात्र म्हणत होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांसहि त्यांत स्थान दिलें. हें प्रभुभोजनाच्या वादाचें उत्तर असें कांहीं लोक समजतात. आमच्या मतें तें उत्तर नव्हे. दरबार हा भक्तांचा बंधुसंघ होता, वेदी नव्हे. टिळकांनीं वादाच्या बाहेर जागा निर्माण केली. आंतील पंक्ति जशी होती तशीच राहिली.

आतां संग्राहकांस एक व्यावहारिक विनंती. मंडळ्यांच्या नोंदवह्या हातीं आल्या म्हणजे आपण बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या जपतों आणि दृढीकरणाची वही किरकोळ म्हणून बाजूस टाकतों. पंक्तीचा इतिहास त्याच वहींत आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या यादींत एखादा चाळिशीचा गृहस्थ आढळला तर तो नवा ख्रिस्ती असें लगेच लिहूं नये. एका वेदीवरून दुसरीकडे आलेला जुना ख्रिस्ती तो असूं शकेल. बाप्तिस्म्याच्या वहीशीं ताडून पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये. तसेंच एका मंडळीनें दुसरीस लिहिलेलीं सभासदत्वाचीं पत्रें, तीं कितीहि फाटकीं असलीं तरी, टाकूं नयेत. कोणती मंडळी कोणाची पंक्ति मान्य करी, हें त्यांवरून कळतें.

वादाचा शेवट कसा झाला तेंहि पाहण्यासारखें आहे. अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९२४ सालीं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियांत गेल्या. १९२९ सालीं नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत होऊन फिलिप लॉइड त्याचे पहिले बिशप झाले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनली. तेथें अडचण पहिल्या प्रश्नाची नव्हती, दुसऱ्याची होती. ती अशी सोडविली कीं, सर्व पक्षांच्या सेवकांनीं परस्परांच्या मस्तकीं हात ठेवून प्रार्थना केली, आणि कोणाची आधीची दीक्षा खरी व कोणाची खोटी याचा निवाडा केला नाहीं. त्या मंडळीच्या नाशिक धर्मप्रांताचें मुख्य ठिकाण आज अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास आहे. ज्या दोन गांवांच्या पंक्ति निराळ्या होत्या त्यांचा बिशप एक झाला.

सर्वच दारें उघडलीं असें मात्र नाहीं. १९८७ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या रोमन कॅथॉलिक धर्मप्रांतास १९८३ च्या धर्मसंहितेचें ८४४ वें कलम लागू आहे. प्रॉटेस्टंट मनुष्यास मरणाचा धोका किंवा तशीच गंभीर निकड असेल, स्वतःचा पाळक मिळत नसेल, त्यानें आपण होऊन मागितलें असेल, तो योग्य मनःस्थितींत असेल व या संस्काराविषयीं कॅथॉलिक श्रद्धा तो प्रकट करील, तरच त्यास ख्रिस्तप्रसाद देतां येतो. हा नियम कठोर वाटो वा योग्य वाटो, त्याचा निर्णय इतिहासकाराकडे नाहीं. त्याच्याकडे एवढेंच आहे कीं, पंचहौदांतील चहाच्या पेल्याचा जितक्या कसोशीनें हिशेब ठेविला, तितक्याच कसोशीनें या दुसऱ्या पात्राचाहि ठेवावा. तें पात्र ज्यांच्यापुढून परत नेलें गेलें, तींहि महाराष्ट्राचींच माणसें होतीं.